नागोराव रस्त्याला चांगलं म्हणतात

नागोराव देऊळकरांच्या हातून आयुष्यात एकच गुन्हा वारंवार घडला. त्यांना एखादी गोष्ट आवडली, की ते तिला चांगली म्हणत. हा गुन्हा त्यांनी त्यांच्या वाशीम जिल्ह्यात केला असता तर कुणी दखलही घेतली नसती. पण त्यांनी तो पुण्यात केला, आणि तोही मोठ्याने.

पुण्यात कौतुकाची एक रीत आहे. जेवण उत्तम झालं तर ‘वाईट नव्हतं’ म्हणायचं. गाणं काळजाला भिडलं तर ‘माइक बरा होता’ म्हणायचं. आणि ‘वा, फारच छान!’ हे शब्द समोरच्याचा कायमचा निकाल लावायचा असेल तेव्हाच बाहेर काढायचे, एरवी ते कपाटात ठेवायचे. नागोराव टेलिफोन खात्याच्या नोकरीत पुण्याला आले, शहराच्या कडेला मांजरीत फ्लॅट घेतला, निवृत्त झाले, पण ही रीत काही शिकले नाहीत. काही आवडलं की त्यांचे डोळे विस्फारत, हात छातीशी जात आणि तोंडून ‘बाप्पा बाप्पा बाप्पा!’ असा गजर निघे. स्वारगेटच्या एका मिसळवाल्याला ते म्हणाले, “एवढी गरम मिसळ मी जन्मात खाल्ली नाही हो!” मालक गल्ल्यावरून न उठता म्हणाला, “पंख्याखाली बसा.” खालच्या मजल्यावरचे सुदर्शन आपटे रोज संध्याकाळी नाट्यगीतांचा रियाज करत. नागोराव जिन्यात त्यांना गाठून गहिवरून म्हणाले, “आपटे साहेब, तुम्ही गायला लागलात की मी घरच्या सगळ्या खिडक्या उघडतो.” आपट्यांनी त्या दिवसापासून आपल्या खिडक्या बंद केल्या आणि पुढच्या गणपतीपर्यंत नागोरावांशी बोलणंही.

“मी मनातलं बोलतो, तरी लोकं तोंड काऊन फिरवतात?” नागोराव बायकोला विचारत.

“मनातलं मनातच ठेवावं,” शालनताई म्हणत. त्याही वाशीमच्याच, पण त्यांना पुणं लवकर कळलं होतं.

तर अशा माणसाच्या घरात सायकल आली.

आली ती लेकीमुळे. सृष्टी खराडीला एका कंपनीत होती. तिथे सगळ्यांनी ग्रॅव्हल बाईक घेतल्या म्हणून तिनेही घेतली, आणि पुढे तिला याहून भारी हवीशी झाली तेव्हा जुनी बाबांच्या वाट्याला आली. ही सायकलीतली एक विचित्र जात आहे. मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी, मेंढ्याच्या शिंगांगत वळलेली. टायर मात्र ट्रॅक्टरच्या नात्यातले. डांबर तिला मानवत नाही. गुळगुळीत रस्त्यावर ती बिचारी आजारी दिसते. मुरूम, खडी, माती, ओढ्यातले गोटे असं काही चाकाखाली आलं, की गायला लागते.

“म्हणजे तुम्ही लोक मुद्दाम खराब रस्त्यावर जाता?” शालनताईंनी विचारलं.

“खराब नाही गं आई. ग्रॅव्हल.”

“असं होय! मग आमच्या माहेरी तर चहूकडे ग्रॅव्हलच होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

सोसायटीत सायकल शिरली की तिच्यामागून सल्ले शिरतात. एकाने सांगितलं सीट उंच करा, दुसऱ्याने सांगितलं सीट खाली घ्या. नागोरावांनी दोघांचंही ऐकलं आणि पहिल्याच दिवशी ते सीटवरून थेट वॉचमनच्या मांडीवर उतरले. होमिओपॅथीचा नाद असलेल्या एका शेजाऱ्याने पडण्याआधी घ्यायच्या गोळ्या दिल्या, आणि पडल्यानंतर त्याच बाटलीतल्या पुन्हा दिल्या. बूड दुखू नये म्हणून मागे गादी शिवलेली तंग चड्डी असते, ती सृष्टीने आणून दिली. ती घालून नागोराव दाराबाहेर पडू लागले तेव्हा शालनताई एवढंच म्हणाल्या, “लिफ्टने जाऊ नका. लिफ्टमध्ये आरसा आहे.”

पण गंमत सांगायची म्हणजे नागोराव तरले. निवृत्तीनंतर सकाळी उठायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं, ते या सायकलीने दिलं. पहाटे उसाच्या फडांमधल्या बांधावरून ते असे जात, की मांजरीचे कोल्हेसुद्धा वाट सोडून उभे राहत. काही दिवसांत सोसायटीच्या सायकल मंडळाने त्यांना सभासद करून घेतलं. मंडळाचे अध्यक्ष, अर्थातच, आपटे. आपटे पेठेतून मांजरीला आले होते आणि या प्रकाराला ते स्थलांतर म्हणत नसत, हद्दपारी म्हणत. बाकी मंडळात सृष्टी, तिच्या ऑफिसातला चेतन आणि अशीच खराडीची पोरं.

मंडळापुढे एकच पेच होता. ज्या मुरमाच्या वाटेवर या रविवारी सायकली दामटाव्यात, तिथे पुढच्या रविवारी डांबर. त्याच्या पुढच्या रविवारी काँक्रीट. गच्चीवर तातडीची बैठक झाली.

“जिल्ह्यात आता खराब रस्ता फक्त पुणे शहरातच उरलाय,” आपटे म्हणाले, “आणि तिथे सायकलला जागा नाही.”

नागोरावांना राहवलं नाही. “मी शोधतो! पानशेतच्या पलीकडे, डोंगरांच्या पोटात. खोऱ्याच्या तोंडापासून थेट वरच्या खिंडीपर्यंत. डांबराचा ठिपका नसलेला.”

“शोधा की. तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे,” आपटे म्हणाले.

नागोरावांना फार बरं वाटलं. बाकीच्यांनी खाली पाहिलं.

“पण अंकल, डांबर निघालं तर?” चेतन म्हणाला. “लास्ट टाइम पण आपण हंड्रेड पर्सेंट शुअर होतो.”

“निघालं तर सायकल बाल्कनीत टांगीन. पुन्हा पायडलला पाय लावणार नाही.”

शब्द गेला. सकाळी उठायचं एकुलतं एक कारण नागोरावांनी गच्चीवर पणाला लावलं होतं, तेही कुणी मागितलं नसताना.

गारजाईचं खोरं नकाशात बोटाखाली झाकलं जातं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. एका शनिवारी सृष्टीने गाडीच्या मागे दोन्ही सायकली बांधल्या आणि बापलेक तिथे जाऊन थडकले. दोन्हीकडचे डोंगर असे वाकलेले, जणू पंगतीला वाढायला उभे आहेत. खाली धरणाचं निळं पाणी. पाऊस नुकता सरलेला, कड्यांवर अजून ओल चमकत होती. आणि या सगळ्याच्या मधून कातळवाडीकडे चढत गेलेला तांबडालाल मुरमाचा रस्ता. कुठे हिरड्याच्या सावलीत शिरायचा, कुठे कारवीतून डोकं काढायचा. मधेच ओढा रस्ता ओलांडत होता की रस्ता ओढा, हे त्या दोघांनी आपसात अजून ठरवलेलं नव्हतं. चढ इतका उभा, की नागोरावांचं पुढचं चाक बराच वेळ ढगात होतं. वारा असा, की सृष्टीला आलेली शिंक कोकणात ऐकू गेली आणि तिथून कुणीतरी ‘शतायुषी हो’ म्हणाल्याचंही दोघांनी ऐकलं. खोटं वाटत असेल तर सृष्टीला विचारा.

ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या मोरीपाशी नागोराव उतरले. मूठभर मुरूम उचलून त्यांनी त्याचा वास घेतला. डोळे भरून आले.

“बाप्पा बाप्पा बाप्पा!”

“बाबा, थांबा, असंच बोला,” सृष्टी म्हणाली आणि तिने मोबाइल समोर धरला. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला, दुसरा काही हेतू नव्हता.

नागोराव बोलले. “मंडळी, मी नागोराव देऊळकर, कातळवाडीच्या रस्त्यावरून बोलतो आहे. असा रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही. ज्यांनी हा आजवर असाच ठेवला, त्यांचे पाय धरावेसे वाटतात. इथे एक खड्डा दुसऱ्यासारखा नाही. ही मोरी पाहा, वाहून गेली आहे. पण किती सुरेख वाहून गेली आहे! माझी हात जोडून विनंती आहे, याला कुणी हात लावू नका. आणखी शंभर वर्षं हा असाच राहू द्या.”



मागे मोटारसायकलवर दुधाचे कॅन लावलेले एक गृहस्थ केव्हाचे उभे होते. कातळवाडीचे सरपंच सर्जेराव. त्यांनी गाडी बंद केली.

“पुण्याचं का?”

“हो, मांजरीचे.”

“वाटलंच.”

“तुमचा रस्ता फार छान आहे हो!”

“बोला, बोला,” सर्जेराव मान खाली घालून म्हणाले. “आमी ऐकायलाच बसलोय.”

“अहो, मी मनापासून सांगतोय.”

“तेच तर लागतंय सायेब. वरवरचं आसतं तर सोसलं आसतं.”

तरीही माणूस मोठ्या मनाचा. घरी नेऊन त्यांनी दोघांना चहा पाजला. नागोरावांनी चहाचंही तोंड भरून कौतुक केलं. आतून भांड्यांचा आवाज वाढत गेला.

ते मांजरीला पोहोचेपर्यंत व्हिडिओ त्यांच्या आधी पोहोचला होता. मंडळाच्या ग्रुपवरून तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून पुण्यावर पसरला, आणि दुसऱ्या दिवशी एका वाहिनीवर नागोरावांच्या पाणावलेल्या डोळ्यांखाली पट्टी धावू लागली: ‘पुणेकराचा जहरी टोमणा! खड्ड्यांची काढली सालटी!’ वाशीमहून मेहुण्याचा फोन आला, “भाऊजी, पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं तुम्हाले!” हजारो लोकांनी हसून हसून रडणारे चेहरे पाठवले. खरं रडणारा चेहरा एकट्या नागोरावांचा होता.

आणि आपटे जिना चढून वर आले. गेल्या कित्येक गणपतींत घडलं नव्हतं असं त्यांनी केलं. नागोरावांचा हात हातात घेतला.

“देऊळकर, मानलं. ‘किती सुरेख वाहून गेली आहे’! हे मला सुचलं नसतं.”

“पण ती खरंच सुरेख वाहून गेलीय हो!”

आपट्यांनी डोळे मिटले. “क्या बात है. अजूनही सोडत नाही.”

इतपत ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी बातमी आली, की कातळवाडीच्या रस्त्याची वरून गंभीर दखल घेतली गेली आहे. नागोरावांच्या पोटात खड्डा पडला. दखल म्हणजे डांबर! ते तडक रस्त्यांच्या कार्यालयात गेले.

खिडकीतल्या कारकुनाने चष्मा वर केला. “कशासाठी अर्ज?”

“रस्ता करू नये म्हणून.”

“असा अर्ज नसतो. रस्ता करा असा असतो. केलेला पुन्हा करा असाही असतो.”

“आणि करूच नका असा?”

“त्याला अर्ज कशाला लागतो? ते आम्ही आपणहून बघतो.” मग त्याने नागोरावांचा चेहरा नीट पाहिला, खुर्ची मागे लोटली आणि तो आतल्या दाराकडे ओरडत धावला, “साहेब! ते आलेत! स्वतः आलेत!”

साहेबांनी नागोरावांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

“देऊळकर साहेब, आता पुरे करा. तुमचा तो व्हिडिओ मला माझ्या सासऱ्यांनी पाठवलाय. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी मला पाठवलेली ही पहिली गोष्ट.”

“साहेब, मला तुमचं काम फार आवडलं,” नागोराव कळवळून म्हणाले. “काहीही न करता एवढं सुंदर काम मी कुठे पाहिलं नाही.”

साहेब घटाघट पाणी प्यायले. “महिन्याभरात डांबर टाकून देतो.”

“नको हो!”

“बरं, पंधरवड्यात.”

“अहो, तुमच्या पाया पडतो, नको!”

“आठवड्यात!” साहेबांचा आवाज चिरकला. “पण पाया पडू नका. बाहेर लोक मोबाइल घेऊन उभे आहेत.”

नागोराव घरी परतले ते फारसे खचलेले नव्हते. सरकारी आठवडा म्हणजे कमीत कमी दोन पावसाळे, एवढा हिशेब नोकरीत राहिलेल्या माणसाला येतोच. त्यांनी रविवार ठरवला, मंडळाला कळवलं आणि सायकलची साखळी इतकी पुसली, की शालनताईंनी तिच्यात बघून कुंकू लावलं.

रविवारी सगळं मंडळ खोऱ्याच्या तोंडाशी उतरलं. सायकली सुटल्या. पहिली दोन वळणं मुरूमच मुरूम. पोरं आरोळ्या ठोकू लागली. चेतन तर हात सोडून ओरडला, “अंकल, यू आर अ लीजेंड!” आपटे गुणगुणत होते, आणि त्यांनी खिडक्या बंद केल्यानंतर नागोरावांच्या कानावर आलेलं ते पहिलं नाट्यगीत. नागोरावांना वाटलं, इथेच, याच क्षणी, गारजाई देवीने आपल्याला उचलावं.

तिसऱ्या वळणावर वास आला.

वळण संपलं आणि समोर रस्ता पसरला होता, काळा कुळकुळीत, आत्ताच इस्त्रीखालून काढल्यासारखा. कडेला रोलर उभा होता, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. पलीकडे ढोल, लेझीम, फेटे, आणि सबंध कातळवाडी. मोरीच्या जागी नवी कोरी मोरी, तिच्यावर पाटी: ‘श्री. नागोराव देऊळकर मार्ग’. पुढे असलेल्या चेतनला ब्रेक लागले नाहीत. तो गरम डांबरात गेला. सायकल बाहेर आली, बूट आले नाहीत.

“पुढारी आनले, मोर्चे काढले, रस्त्यात आडवं झोपलो!” सर्जेराव माइकवरून गरजले. “कुनी हालला न्हाय. ह्या मानसानं येऊन एकदा निस्तं चांगलं म्हटलं, आन् डांबर पडलं! आरं, टोमणा मारावा तर पुण्यानं!”

ढोल कडाडले. नागोरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, डोक्यावर फेटा चढला, तो हेल्मेटवरच. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गावाला वाटलं आनंदाने. तेवढ्यात खालच्या वळणावरून भोंगा वाजला आणि गावात पहिल्यांदाच एस.टी. शिरली. म्हाताऱ्याकोताऱ्या तिच्या पत्र्यावरून असा हात फिरवू लागल्या, जणू दावणीला नवी गाय आली आहे. ते पाहताना नागोरावांच्या रडण्यात थोडा आनंद खरोखरच मिसळला, किती ते त्यांनाही कळलं नाही.

“अभिनंदन,” आपटे त्यांच्या कानाशी म्हणाले. “आणि शब्द म्हणजे शब्द, देऊळकर.”

सायकल बाल्कनीत टांगली गेली. वळलेल्या मुठीवर शालनताई टॉवेल वाळत घालू लागल्या. नागोराव सकाळी उशिरा उठू लागले आणि उठून उसाकडे बघत बसू लागले.

इकडे त्यांची कीर्ती घाट उतरून गेली. मांजरीच्या त्या फ्लॅटपुढे खोऱ्याखोऱ्यांतून माणसं येऊन बसू लागली. कुणी इंद्रायणी तांदूळ आणी, कुणी मध. “आमच्याकडं या. जास्त न्हाय, एकदा चांगलं म्हना.” नागोरावांना कुणाचं मन मोडवत नसे. ते जीपमधून जात, रस्ता बघत, आणि रस्ते तर एकाहून एक देखणे! न बोलून करतात काय? ते बोलत, आणि मागोमाग डांबर येई. एका गावात त्यांना ठसका लागला, ते फक्त ‘बाप्पा’ एवढंच म्हणू शकले. तिथेही साईडपट्टीसकट रस्ता झाला. सायकलवाल्यांच्या जगात त्यांचं नाव आता दबक्या आवाजात घेतलं जाई. नागोरावांची नजर पडली, की ग्रॅव्हल मेलं म्हणून समजायचं.

अशात आपट्यांना उंबरमाळचा पत्ता लागला. कातळवाडीच्या पाठच्या डोंगरापलीकडे, शेवटचा उरलेला मुरमाचा रस्ता. मंडळात शपथा झाल्या, की देऊळकरांना कळू द्यायचं नाही. पण सृष्टी आपट्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काका, बाबा दिवसभर उसाकडे बघत बसतात. परवा मी विचारलं, ऊस कसा दिसतोय? तर म्हणाले, बरा आहे.”

आपटे चमकले. “बरा आहे? देऊळकर म्हणाले?” ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. “ठीक आहे. शब्दातून मोकळं करतो. पण एक अट. उंबरमाळमध्ये तोंड उघडायचं नाही.”

म्हणून त्या रविवारी मंडळाच्या मधोमध नागोराव तोंडाला रुमाल बांधून सायकल चालवत होते. उंबरमाळचा रस्ता कसा होता हे सांगण्यात अर्थ नाही. कातळवाडीचा त्याच्यापुढे गल्लीतला वाटावा. कड्याच्या कमरेवरून तो सोनेरी गवतातून लाल करगोट्यासारखा गेला होता, आणि पलीकडे डोंगरांमागे डोंगर, डोंगरांमागे डोंगर, शेवटचा तर कुणीतरी फुंकर मारून पुसट केलेला. रुमालाच्या आत नागोरावांचे गाल फुगत होते, पडत होते. आपटे दर वळणावर मागे वळून पाहत.

वरच्या अंगाला उंबराखाली एक म्हातारी बसली होती. मंडळ पाणी प्यायला तिथेच थांबलं. तिने सगळ्यांना नीट पाहून घेतलं आणि नागोरावांवर नजर रोखली.

“दात दुखत्यात का?”

नागोरावांनी मान हलवली.

“मंग बोला की. मी मुक्ताई, हितलीच. कसा हाय आमचा रस्ता?”

चेतनच्या घशात पाणी अडकलं. आपट्यांनी दोन्ही हात वर करून खुणा केल्या. नागोरावांनी एकदा आपट्यांकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि रुमाल सोडला.

“आजी, खरं सांगू? बाप्पा! लय सुंदर आहे. असा मी कुठंच पाहिला नाही.”

मंडळाने डोळे मिटून घेतले. मुक्ताई मात्र नागोरावांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हाय ना?” ती म्हणाली. “मलाबी लई आवडतो. लगीन होऊन आले तवापासनं रोज हितं येऊन बसते. सकाळच्या पारी निस्ता पेटल्यावानी दिसतो. पन कुनी म्हनत न्हाय. तुमीच पयले.”

नागोराव तिच्यासमोर मातीतच बसले. “तुम्हाला हा टोमणा नाही वाटला?”

“डोळं भरल्यात तुमचं. टोमणं मारनाऱ्याचं भरत्यात व्हय?”

पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं बोलणं जसंच्या तसं घेतलं होतं.  नागोरावांनी मूठभर मुरूम उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“पन बाबा,” मुक्ताई पुढे सरकून हळूच म्हणाली, “सुनंला सातवा लागलाय. दवाखाना डोंगराखाली. कातळवाडीला आता गाडी येती, हितं येत न्हाय. तवा असं करा. आत्ता मला जे बोललात ना, तेच त्या पोरीच्या मशीनीत बोला. खोटं काय बोलू नगा, खरंच बोला. डांबर येतंय आपसूक.”

 नागोरावांनी आपट्यांकडे पाहिलं. जिल्ह्यातला हा शेवटचा मुरमाचा रस्ता होता. आपटे कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि त्या लाल रस्त्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले, दाराशी पोहोचवायला आलेल्या माणसाने बघावं तसे. मग वळले, सृष्टीच्या हातातला मोबाइल त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “देऊळकर, सावलीत काय बसलात? उजेडात या.”

नागोराव उजेडात आले. आणि ते असे बोलले, असे बोलले, की तसं ते आजवर बोलले नव्हते. प्रत्येक वळणाचं त्यांनी नाव घेतल्यासारखं कौतुक केलं. सकाळच्या पेटलेल्या रंगाचं केलं, खडीच्या गाण्याचं केलं, ओढ्यातल्या गोट्यांचं केलं. मुक्ताई दर वाक्याला मान डोलावत होती. शेवटी ते रस्त्याला हात जोडून म्हणाले, “तू होतास तसा फार चांगला होतास,” आणि थांबले. चेतनने नाक ओढलं.

आपट्यांनी मोबाइल परत दिला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग उगाच पुन्हा चष्मा. नागोरावांजवळ येऊन त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“देऊळकर,” ते म्हणाले, “फार छान बोललात.”

 घरी आल्यावर नागोरावांनी सायकल भिंतीला लावली आणि हेल्मेट न काढताच ते सोफ्यावर बसले. शालनताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“काय झालं? पुन्हा कुणी तोंड फिरवलं?”

“नाही. आपटे म्हणाले, फार छान बोललात.”

“मग बरंच झालं की!”

नागोरावांनी तांब्या तसाच हातात धरला. कपाळाला आठ्या पडल्या. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ नाट्यगीताचा.

“बरं काय झालं?” ते म्हणाले. “मी सबंध रस्ताभर तोच विचार करतो आहे. काय म्हणायचं असेल गं त्यांना?”